सांगितलेले न समजणारी मुले व त्यांची वैद्यकीय तपासणी

प्राथमिक शाळेतील अध्यापन हे मुख्यतः तोंडाने सांगण्याचे व कानाने ऐकण्याचे काम आहे. पाठ्यपुस्तक, फळा, तक्ते ही साधनेदेखील शिक्षकाच्या बोलण्याच्या आधारानेच वर्गात उपयोगी पडतात. ज्या मुलाला ते बोलणेच नीट कळत नाही, त्याच्यापुरती शाळा जवळजवळ बंद असते. मात्र ती बंद आहे हे बाहेरून दिसत नाही. मूल रोज येते, जागेवर बसते, हजेरीला 'हजर' म्हणते, फळ्यावरचा मजकूर सुबक अक्षरात उतरवून घेते आणि वर्षअखेर पुढच्या वर्गात जाते. तिसरी-चौथीत शाब्दिक उदाहरणे व उताऱ्यावरील प्रश्न पुढे आले म्हणजे ते अडते. तोपर्यंत त्याच्या नावामागे 'मठ्ठ', 'हट्टी', 'लक्ष नसलेला' यांपैकी एखादे विशेषण कायमचे चिकटलेले असते.

अशा पुष्कळ मुलांच्या बाबतीत अडचणीचे मूळ वैद्यकीय असते, आणि ते शोधून काढण्याची सोय आज बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी झालेली आहे. ती सोय आणि मूल यांच्यामधील दुवा खेड्यात बहुधा शिक्षक हाच असतो. आईबापांच्या अंगवळणी मुलाच्या सवयी पडलेल्या असतात. डॉक्टर त्याला पाच-दहा मिनिटे पाहतो. तीस-चाळीस समवयस्क मुलांच्या शेजारी बसवून, दिवसाचे पाच तास त्याला न्याहाळण्याची संधी एकट्या शिक्षकाला मिळते. रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु काय आढळले ते नेमके टिपणे आणि मुलाला योग्य ठिकाणी पोहोचते करणे, हे त्याचे काम आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बोलता न येणे आणि बोललेले न समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॅरिस येथील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे बव्हंशी समजत असे; पण त्याच्या तोंडून 'टॅन' याखेरीज शब्द जवळजवळ निघत नसे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णन केला : रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो व दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. येथे इजा डाव्या बाजूलाच, पण अधिक मागील भागात होती. हे रुग्ण प्रौढ होते. मुलांची भाषा अद्याप घडत असल्याने त्यांच्या बाबतीत चित्र इतके रेखीव नसते. तरीही भेद उपयोगी आहे, कारण शाळेत पहिला दोष चटकन लक्षात येतो व दुसरा येत नाही. 'र'च्या जागी 'ल' म्हणणारे पहिलीतील मूल सर्वांना दिसते. वस्तुतः त्याला सांगितलेले सारे समजत असेल, तर त्याच्याविषयी फारशी काळजी करण्याचे कारण बहुधा नसते. तोतरे बोलणारे मूलही वर्गात ओळखू येते. त्याला घाई न करणे व त्याचे वाक्य मध्येच पुरे न करणे एवढे पथ्य शिक्षकाने पाळून वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला मिळवून द्यावा. गप्प बसून शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहणारे मूल मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हेच मूल आहे.

न समजण्याच्या कारणांचा शोध कानापासून सुरू करावा. हा क्रम कधीही बदलू नये. बुद्धीविषयी, स्वभावाविषयी, घरच्या संस्कारांविषयी जे काही अनुमान बांधायचे ते कान तपासल्यानंतर बांधावे. 'हाक मारली की वळून पाहतो, मग बहिरा कसा?' असा प्रश्न पालक हमखास करतात, आणि पुष्कळदा शिक्षकही करतात. परंतु हाकेला ओ देणे हा श्रवणशक्ती ठीक असल्याचा पुरावा नव्हे. बोलण्यातील स्वर जोरकस असतात व त्यांची मुख्य शक्ती खालच्या पट्टीत असते. उलट स, श, ख, थ, फ यांसारखी व्यंजने क्षीण असतात आणि त्यांची ओळख पटविणारा भाग उंच पट्टीत असतो. ज्या मुलाची उंच पट्टीतील श्रवणशक्ती कमी झालेली आहे, त्याला ढोल ऐकू येतो, बैलाच्या गळ्यातील घाट ऐकू येते, गुरुजींचा आवाज ऐकू येतो. पण 'खाट', 'पाट' आणि 'ताट' हे तीन शब्द त्याला जवळजवळ एकसारखे ऐकू येतात. अशा मुलाला आवाज येतो व अर्थ लागत नाही. हेच मूल वर्गात चौकटीबाहेरची उत्तरे देते आणि इतर मुले त्याला हसतात.

याहून अधिक आढळणारा प्रकार सर्दीपडशाशी निगडित आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाण्यासारखा किंवा चिकट द्रव साठतो. दुखत नाही, कान वाहत नाही, ताप नसतो. त्यामुळे कोणाला शंका येत नाही. ऐकण्याची घट मध्यम प्रतीची असते. दोन्ही कानांत बोटे घालून शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकले असता जसे वाटते, साधारणतः तसे त्या मुलाला वाटत असते. शिवाय ही घट कमीअधिक होत राहते. सोमवारी ऐकणारे मूल गुरुवारी ऐकत नाही, आणि शिक्षकाचा समज असा होतो की, मूल मनात येईल तेव्हाच लक्ष देते. बहुतेक मुलांत हा द्रव तीन महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. तो राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे उपचार आहेत. प्रसंगी पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून त्यात बारीक नळी बसवितात. औषधाची किंवा शस्त्रक्रियेची गरज कोणाला आहे हे तज्ज्ञ ठरवील; तीन-चार महिने लोटूनही फरक नाही एवढे त्याला सांगणारा कोणीतरी पाहिजे.

कान वाहणे हा निराळा व अधिक गंभीर प्रकार होय. खेड्यात तो इतका सरसकट आढळतो की, तो रोग आहे याचाच विसर पडतो. वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला बहुधा छिद्र पडलेले असते. त्यात गरम तेल, लसणाचा रस, मूत्र असे काहीही घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरकडे न्यावे. पोहण्याच्या विहिरीवर जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हे विशेष करून सांगणे जरूर आहे. जन्मतःच, अथवा जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गोवर, काही प्रभावी प्रतिजैविक इंजेक्शने यांमुळे कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. गालगुंडानंतर एकाच कानाची श्रवणशक्ती गेलेली मुलेही असतात. ती शांत खोलीत चांगली ऐकतात, पण गोंगाटात गोंधळतात आणि आवाज कोठून आला हे त्यांना कळत नाही. जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो, ही गोष्टही ज्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे तेथील शिक्षकाने जाणून असावी; मात्र पालकांना दोष देण्यासाठी तिचा उपयोग करू नये.

वर्गात करता येण्याजोगी एक सोपी चाचणी कॅनडातील बधिर-शिक्षणाचे अभ्यासक डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात सहाच ध्वनी आहेत : आ, ई, ऊ, म्, स्, श्. मराठी मुलांना हे सर्व परिचित आहेत, म्हणून निराळी तयारी लागत नाही. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना मुलाला पाठमोरे बसवावे. शिक्षकाने चार-पाच फुटांवर उभे राहून, नेहमीच्या आवाजात, एकेक ध्वनी उच्चारावा व मुलाने तो परत म्हणावा. ठरावीक अंतराने उच्चारू नये, नाहीतर मूल अंदाजाने उत्तर देते. मध्येच थोडा वेळ गप्प राहून मूल उगीचच उत्तर देते काय, हेही पाहावे. 'स्' हा या सहांत सर्वांत उंच पट्टीचा ध्वनी आहे. आ, ऊ, म् बरोबर येतात आणि स्, श् हुकतात, असे पुन्हा पुन्हा घडल्यास उंच पट्टीतील श्रवणशक्तीविषयी शंका घ्यावी. त्यानंतर खाट, पाट व ताट यांची चित्रे समोर ठेवून, तोंड पुस्तकाआड करून, एकेक शब्द सांगावा आणि मुलाला बोट ठेवावयास सांगावे. तेच शब्द तोंड दिसेल असे म्हटल्यावर चुका एकदम कमी झाल्या, तर मूल ओठांवरून अर्थ लावीत आहे असे समजावे. कित्येक मुले ही कला कोणी न शिकविता आत्मसात करतात, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून सांगितलेले नेमके त्यांनाच कळत नाही. अर्थात या चाचण्या शंका घेण्यापुरत्या आहेत. त्यांत उत्तीर्ण झालेल्या मुलालाही सौम्य दोष असू शकतो. यंत्रावरील तपासणीला त्या पर्याय नव्हेत.

आता भाषेचा प्रश्न. नंदुरबार किंवा मेळघाटातील मूल घरी पावरी, भिली वा कोरकू बोलते. गडचिरोलीतील मूल गोंडी किंवा माडिया बोलते. पहिलीत त्याला प्रमाण मराठी समजली नाही तर त्यात वैद्यकीय काही नाही. त्याला डॉक्टरकडे पाठविणे चुकीचे आणि अपमानकारकही होय. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे मागे पडणेही निराळ्या कारणाचे असते. परंतु याच्या उलट टोकाचे प्रमादही घडतात. 'आदिवासी मूल आहे, मराठी येत नाही' या एका वाक्याखाली खरोखर बहिरे असलेले मूल दडून जाते. कसोटी सोपी आहे : भाषाविकार असलेल्या मुलाला घरच्या भाषेतही अडचण असते. आजी, मोठी बहीण किंवा अंगणवाडीताई यांपैकी कोणाकडून तरी त्याच्या घरच्या भाषेत दोन-तीन सूचना देववाव्यात आणि पाहावे. घरच्या भाषेत ते समवयस्कांप्रमाणे गोष्ट सांगते, भांडते, थट्टा करते, तर शिक्षकाने मराठी शिकविण्याची आपली पद्धत तपासावी.

कान चांगले आहेत, भाषा घरचीच आहे, मूल व्यवहारात चलाख आहे, हाताने काम पटकन उचलते, आणि तरीही लांब वाक्य त्याला कळत नाही, असाही एक वर्ग आहे. अशा स्थितीला विकासात्मक भाषाविकार असे म्हणतात. हे नाव इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांनी चर्चेअंती २०१७ च्या सुमारास सर्वसंमत केले. त्यापूर्वी याच विकाराला अनेक नावे होती व त्यामुळे गोंधळही होता. इंग्लंडमधील सरे परगण्यात नव्याने शाळेत आलेल्या मुलांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे साडेसात टक्के मुलांत हा विकार आढळला. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि हा विकार दुर्मिळ नव्हे, एवढा बोध त्यावरून घेण्यास हरकत नाही.

त्याची चिन्हे वर्गात अशी दिसतात. 'पाटी खाली ठेव, खडू घे आणि फळ्याजवळ ये' असे हातवारे न करता सांगितले, तर मूल शेवटचेच काम करते किंवा इतर काय करतात ते पाहून उठते. 'गाईने वासराला ढकलले' आणि 'गाईला वासराने ढकलले' या दोन वाक्यांतील फरक त्याला चित्रावर दाखविता येत नाही. प्रत्ययाकडे त्याचे लक्ष जात नाही. कालच्या जत्रेची हकिगत सांगताना कोण, केव्हा, कशामुळे यांचा मेळ राहत नाही, आणि नेहमीच्या वस्तूंची नावे आठवत नसल्याने 'ते', 'तसलं' असे शब्द फार येतात. गणितातील मांडलेली वजाबाकी ते बरोबर करते, परंतु तीच शब्दांत घातली की अडते. या मुलाला मठ्ठ म्हणणे हा अन्याय होय. हा विकार आईबापांच्या दुर्लक्षामुळे होत नाही. तो कुटुंबात उतरण्याकडे कल असतो. त्याला गोळी किंवा शस्त्रक्रिया नाही. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन व त्या बरहुकूम घरी आणि शाळेत केलेला सराव हाच उपाय आहे, आणि त्याचा उपयोग होतो.

बोलणे व समज यांबरोबरच चालणे, कपडे घालणे, खेळणे हे सारेच मागे असेल, तर बौद्धिक विकासाची तपासणी करावी लागते. दुसऱ्याकडे पाहणे, खेळात सामील होणे, बोटाने दाखविणे यांतच मूल वेगळे वाटत असेल, तर स्वमग्नतेचा विचार तज्ज्ञ करतात. घरी मोकळेपणाने बोलणारे व शाळेत महिनोन्‌महिने एक शब्दही न काढणारे मूल हा आणखी एक प्रकार आहे. तेथे दरडावणे हमखास अपाय करते.

येथवर सांगितलेल्या मुलांना पंधरा दिवस उशीर झाला तरी फार बिघडत नाही. पुढील प्रकाराचे तसे नाही. जे मूल पूर्वी नीट बोलत होते, ज्याला सांगितलेले समजत होते, त्याचे बोलणे व समजणे कमी होऊ लागले, तर वाट पाहू नये. अमेरिकेतील विल्यम लांडाऊ व फ्रँक क्लेफ्नर यांनी १९५७ साली अशा काही मुलांचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार साधारणतः तीन ते आठ या वयात सुरू होतो. चांगले बोलणारे मूल काही दिवसांत किंवा काही महिन्यांत बोललेले ओळखेनासे होते. हाकेला ते वळत नाही, म्हणून ते बहिरे झाले अशी घरच्यांची समजूत होते. पण कानाची तपासणी ठीक येते. दोष मेंदूत असतो. झोपेमध्ये मेंदूतील विद्युत्प्रवाहात अपस्माराच्या जातीची उसळी चालू राहते आणि तिच्यामुळे ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावणारी यंत्रणा बिघडते. बहुसंख्य मुलांना केव्हातरी झटकेही येतात; परंतु काहींना मुळीच येत नाहीत, आणि झटके नाहीत म्हणून मेंदूविकार नाही असे समजणे धोक्याचे ठरते. मेंदूचा विद्युत्‌आलेख झोपेत काढल्याशिवाय हा विकार निसटून जाण्याचा संभव असतो. औषधोपचार आहेत. ते लवकर सुरू होणे इष्ट असते, आणि त्यांचा परिणाम प्रत्येक मुलात सारखा येत नाही. विकार दुर्मिळ आहे. एखाद्या शिक्षकाच्या सबंध नोकरीत असे एकही मूल कदाचित येणार नाही. तरीही त्याची माहिती असावी, कारण 'पहिलीत हुशार होता, दुसरीत बिघडला' या वाक्याच्या मागे काय असू शकते, हे तिच्यामुळे कळते. असे वाक्य शिक्षकाच्या तोंडी आले की, 'बिघडला' म्हणजे नेमके काय झाले, केव्हापासून झाले, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

याहून पुष्कळ अधिक आढळणारा मेंदूविकार म्हणजे क्षणिक भान हरपणे. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता थांबते, टक लावून पाहते, पापण्या किंचित फडफडतात आणि दहा-पंधरा सेकंदांत, काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा लिहू लागते. पडणे नाही, फेस नाही. हे दिवसातून अनेक वेळा घडते, आणि दर वेळी शिक्षकाच्या सांगण्यातील एक तुकडा गळून पडतो. 'दिवास्वप्ने पाहतो' म्हणून ज्याला छड्या बसत असत, त्यांपैकी काहींचे दुखणे हेच असले पाहिजे. औषधाने हा विकार बहुतेक मुलांत आटोक्यात येतो. शंका आल्यास वेळ व संख्या टिपून ठेवावी. डॉक्टरला याहून मोलाची माहिती दुसरी नाही.

डोक्याला मार लागल्यानंतर, तापात, झटक्यानंतर अथवा एकाएकी बोलणे बंद झाले, अडखळू लागले किंवा समजेनासे झाले, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. हे मोठ्या माणसांनाही लागू आहे. गावात कोणा वृद्धाचे बोलणे अचानक बोबडे झाले, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

मुलाला तपासणीस नेण्याच्या मार्गात खेड्यात ज्या अडचणी येतात, त्यांत पैशापेक्षा समजुतींचा वाटा मोठा असतो. 'याचा बापही पाच वर्षांचा होईतो बोलत नव्हता', 'जीभ जड आहे, वेखंड चोळले की सुटेल', 'टाळूला चिकटलेली जीभ कापून आणू', 'देवऋष्याने बघितले आहे', आणि अलीकडे 'मोबाइलमुळे झाले, मोबाइल काढून घेतला की बोलेल', अशी उत्तरे ऐकावयास मिळतात. यांतील काहींत थोडे तथ्यही असते. मोबाइल कमी करणे चांगलेच. पण जिभेखालचा पडदा आखूड असल्यामुळे मुलाला *सांगितलेले समजत नाही* असे कधीच होत नाही. समजुतीशी वाद घालण्यात शिक्षकाने शक्ती खर्च करू नये. आई म्हणते, "गुरुजी, घरी बोलते हो सगळं, शाळेत लाजते." तिला एवढेच म्हणावे, "ताई, लाजत असेल तर फारच चांगले. पण कान एकदा तपासून घेऊ, म्हणजे तुमच्या-माझ्या मनातली शंका जाईल." कान तपासणे हा शब्द कोणालाही बोचत नाही. 'मुलगी वेडी आहे काय ते पाहून घ्या', अशा अर्थाचे काही कानावर गेले की मात्र ते घर शाळेला कायमचे बंद होते. मुलीच्या बाबतीत तर लग्नाच्या वेळी बोलबाला होईल ही भीती आईबापांच्या मनात असतेच. म्हणून हे बोलणे इतर पालकांसमोर, पालकसभेत कदापि काढू नये.

सोयींची माहिती थोडक्यात अशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाखाली आरोग्यपथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. पथकाला एका दिवसात पुष्कळ मुले पाहावी लागतात. गप्प बसणाऱ्या मुलाचे दुखणे त्याला आपोआप दिसेल अशी अपेक्षा धरू नये. पथक येण्यापूर्वीच शंकित मुलांची यादी टिपणांसह तयार ठेवावी, आणि ती मुले त्या दिवशी गैरहजर राहणार नाहीत हे पाहावे. पथक संशयित मुलांना पुढे पाठविते; जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असलेल्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचातज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांची सेवा एकत्र मिळण्याची योजना आहे. पथक नुकतेच येऊन गेले असेल तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाता येते. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था ही १९८३ साली स्थापन झालेली, वाणी व श्रवण या विषयांना वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. गुंतागुंतीच्या प्रकरणी तेथवर जाण्याची तयारी ठेवावी. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला आरंभापासूनच बरोबर घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात श्रवणदोष, वाचा व भाषा दिव्यांगता, स्वमग्नता यांचा समावेश आहे. पण प्रमाणपत्र ही नंतरची गोष्ट होय. तपासणीसाठी व उपचारासाठी त्याची आवश्यकता नसते.

मुलाबरोबर द्यावयाच्या टिपणाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बहुतेक टिपणे निरुपयोगी असतात. 'सदर विद्यार्थी अभ्यासात कच्चा असून त्यास समजत नाही, तरी तपासणी व्हावी' या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. उपयोगी टिपण पुढीलप्रमाणे असते :

'मुलगी, वय ८, इयत्ता तिसरी. घरची भाषा मराठी. समोरून सांगितलेले समजते, पाठीमागून सांगितलेले बहुधा समजत नाही. डाव्या बाजूने मारलेल्या हाकेला वळत नाही. गेल्या पावसाळ्यात डावा कान दोनदा वाहिला. स्, श् हे ध्वनी पाठमोरी असताना दहापैकी सहा वेळा हुकले. फळ्यावरचे उतरविण्यात चूक नाही. मांडलेली वजाबाकी येते, तोंडी उदाहरण येत नाही. टक लावून थांबणे आढळले नाही. झटके कधी आले नाहीत, असे आई सांगते. पूर्वी येत असलेले बोलणे कमी झालेले नाही. अडचण शाळेत आल्यापासून आहे.'

यात एकही मत नाही, सर्व निरीक्षणे आहेत. शेवटची तीन वाक्ये विशेष महत्त्वाची. ती वाचून डॉक्टरला तातडी किती आहे हे ठरविता येते. टिपणाची एक प्रत शाळेत ठेवावी. आईबाप शहरातील रुग्णालयात गोंधळून जातात, आणि विचारलेल्या प्रश्नाला 'होय जी' एवढेच उत्तर देऊन परत येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पहिल्या खेपेस शिक्षक, अंगणवाडीताई किंवा आशाताई यांपैकी कोणी बरोबर गेल्यास ते टळते.

तपासणीत कान ठीक आले, तर त्यावर समाधान मानून प्रकरण मिटवू नये. कान ठीक असूनही समजत नसेल, तर पुढचा प्रश्न वाचा-भाषातज्ज्ञाला व जरूर तर मेंदूविकारतज्ज्ञाला विचारावयाचा असतो. तो विचारला गेला काय, याची चौकशी शिक्षकाने करावी. श्रवणयंत्र मिळाले तर ते पेटीत राहत नाही ना, घड्या संपलेल्या तर नाहीत ना, हे रोज सकाळी पाहावे. बोटावर न मोजता येण्याइतकी यंत्रे खेड्यापाड्यांत केवळ घडीअभावी फडताळात पडून असतात. मुलाला पुढच्या ओळीत, चांगला कान शिक्षकाकडे येईल अशा बाजूस, आणि उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडेल असे बसवावे. फळ्याकडे पाहत बोलू नये. एका वेळी एकच सूचना द्यावी, वाक्य आखूड ठेवावे, आणि 'समजले का?' असे विचारण्याऐवजी 'काय करायचे आहे ते मला सांग' असे म्हणावे. कारण पहिल्या प्रश्नाला न समजलेले मूलही 'हो' म्हणतेच. तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी, निकाल पहिल्या टिपणाखाली तारीख घालून लिहावा, आणि मूल दुसऱ्या शाळेत गेले तर दाखल्याबरोबर त्या टिपणाची प्रत पाठवावी.